तंत्रज्ञान आणि ते वापरणारी माणसं: मानवशास्त्रात एम.ए. करू पाहणाऱ्या चोपड्याच्या ताईंना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्या ताई चोपडा तालुक्यातल्या. बी.सी.ए. झालं, आता पुण्यात एका कंपनीत ॲप तपासण्याचं काम करतात. घरी वडिलांची केळी. ऑफिसात जे ॲप ‘वापरायला सोपं’ म्हणून पास होतं, तेच सुट्टीत गावी गेल्यावर शेजारच्या काकूंच्या हातात अडून बसतं, हे त्यांनी अनेकदा पाहिलं. म्हणून त्या विचारतात: मानवशास्त्रात एम.ए. करून तंत्रज्ञान आणि ते वापरणारी माणसं हा विषय घेता येतो का? कॉम्प्युटरवालीला प्रवेश मिळेल का? परदेशात जावंच लागतं का? आणि पुढे पोट भरेल का?

घेता येतो. मिळतो. जावंच लागतं असं नाही. आणि पोट भरतं, फक्त या नावाची नोकरी जाहिरातीत शोधत बसू नका. आता सविस्तर सांगतो. मी धुळ्याचा, मानवशास्त्र शिकलो, पुढे बरीच वर्षं कंपन्यांसाठी आणि सामाजिक संस्थांसाठी हेच काम केलं आणि आता एम.ए.च्या मुलांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करतो.

या विषयात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. कंपनी ज्याला ‘यूजर’ म्हणते, म्हणजे एक माणूस, एक फोन, एक बोट, एक निर्णय, तसा एकटा माणूस प्रत्यक्षात फारसा कुठे भेटत नाही. यंत्राभोवती घर असतं, भाऊबंदकी असते, गल्ली असते, सेतू केंद्रातला पोरगा असतो, तलाठी असतो. यंत्राचा वापर या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी घडतो. त्या जागी जाऊन, पुरेसा वेळ थांबून, काय घडतं ते पाहणं आणि लिहिणं हे आपलं काम. तुमच्या काकूंना ॲप येत नाही असं तुम्ही लिहिलंत. मी तुमच्या जागी असतो तर विचारलं असतं की मग काकूंचं काम आजवर कोण करून देत आलं, त्याबदल्यात काकू त्याला काय देतात आणि तो एके दिवशी गावात नसला तर काय होतं.

हा विचार नवा नाही. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७९ मध्ये ल्युसी सचमन नावाच्या मानवशास्त्राच्या विद्यार्थिनी आल्या. कंपनीचं नवं कॉपी मशीन फार अवघड आहे अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. सचमन यांनी लोकांना जोडीजोडीने मशीनपुढे उभं केलं आणि त्यांचं बोलणं-चालणं चित्रित केलं. त्यात संगणकशास्त्रातली नावाजलेली माणसंही होती आणि तीही अडखळली. सचमन यांनी त्या चित्रणातून दाखवून दिलं की मशीनला फक्त दाबलेली बटणं कळतात. उभी असलेली दोन माणसं आपसात काय बोलली, कशावर गोंधळली, चुकीची वाट कुठे बरोबर समजून चालली, यातलं काहीच मशीनपर्यंत पोहोचत नाही. बनवणाऱ्यांनी मशीनमध्ये एक योजना भरलेली असते, माणसं मात्र समोर जे दिसतं त्याप्रमाणे पाऊल टाकतात. त्याच केंद्रात ज्युलियन ऑर यांनी दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर दिवस काढले. छापील मॅन्युअल एका बाजूला राहायचं आणि खरी विद्या जेवताना, चहा घेताना एकमेकांना सांगितलेल्या बिघाडांच्या गोष्टींतून फिरायची. धुळ्यातल्या कुठल्याही मोटर रिवायंडिंगच्या दुकानात संध्याकाळी बसा, हेच ऐकायला मिळेल.

त्याच्याही आधीचा एक अभ्यास माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. लॉरिस्टन शार्प यांनी १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडच्या यिर योरोंट लोकांमध्ये राहून काम केलं आणि १९५२ मध्ये पोलादी कुऱ्हाडींवरचा लेख छापला. तिथे दगडी कुऱ्हाड करायची आणि बाळगायची ती पुरुषांनी. सरपण फोडायचं काम बरंचसं बायकांचं, पण कुऱ्हाड लागली की ती नवऱ्याकडून किंवा घरातल्या वडीलधाऱ्याकडून मागून आणायची. दगड शेकडो मैलांवरून, ठरलेल्या देवाणघेवाणीच्या सोबत्यांकडून यायचा. मिशनऱ्यांनी चांगल्या हेतूने पोलादी कुऱ्हाडी वाटल्या आणि त्या बायका-पोरांनाही दिल्या. लाकूड झपाट्याने तुटू लागलं असं काही विशेष झालं नाही. झालं ते असं की म्हाताऱ्या माणसांवर बायकांकडून कुऱ्हाड मागायची वेळ आली आणि कोण कोणाच्या शब्दात, ही घडीच विस्कटली.

आता तुमच्या गावातला पाच वर्षांपूर्वीचा घरातला एकमेव स्मार्टफोन आठवा. तो कोणाच्या खिशात असायचा, सुनेला माहेरी बोलायचं असेल तर कोणाकडे मागावा लागायचा, मुलीला ऑनलाइन तासासाठी किती वेळ मिळायचा. मग सासूच्या नावावर सरकारी योजनेचे पैसे येऊ लागले आणि तिच्यासाठी वेगळं सिम आलं, तेव्हा घरात काय बदललं? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आल्यावर आपल्याकडे असंख्य घरांत बँक खातं, आधार आणि मोबाईल नंबर यांची नव्याने जुळवाजुळव झाली. शार्प यांचा लेख हातात धरून हा अभ्यास करता येतो. पश्चिम बंगालमधल्या एका गावात सिर्पा तेनहुनेन यांनी मोबाईल आणि नातेसंबंध यांवर असंच काम केलं आहे. खानदेशात ते अजून मनासारखं झालेलं नाही.

तुमच्या घराजवळचं एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण विषय कसा उलगडतो ते त्यातून कळेल. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर भागात रात्री केळीच्या बागेत जायचं म्हणजे सापाचं भय, बिबट्याचं भय. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, एक आणि तिच्यावर मोटरी पुष्कळ. वीज येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उचल घेतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, डीपी तापते आणि एखाद्या रात्री जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, कार्यालयाच्या खेपा आणि तोवर बाग तहानलेली. महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतं: ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा.

इंजिनिअर म्हणेल, शेतकऱ्याला समजत नाही. कंपनीतला संशोधक प्रश्नावली घेऊन जाईल आणि ‘जागृतीचा अभाव’ असा निष्कर्ष घेऊन परत येईल. तुम्ही मात्र त्या डीपीखाली थोडे दिवस काढा. सगळ्यांना सगळं समजतं हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. एकाने ऑटो काढला तर डीपी वाचत नाही, कारण बाकीच्यांचे तसेच राहतात, फक्त त्याचं पाणी मागे पडतं. सामाईक विहिरीवर दोन भावांची पाळी असेल तर ऑटो कोणाच्या स्टार्टरला, हाच वाद असतो. काही ऑटोंमध्ये मोटर थोड्या वेळाने सुरू करायची सोय असते. म्हणजे कोणाची मोटर वीज येताच आणि कोणाची दहा मिनिटांनी, हे ठरवलं तर प्रश्न बराचसा सुटतो. पण ते ठरवायला सगळ्यांनी एकत्र बसावं लागतं, आणि ज्याची मोटर आधी सुरू होणार तो कोण, या प्रश्नात निवडणुका, जुनी भांडणं, सोयरिकी सगळं येतं. त्यातच आता सिम घातलेला मोबाईल स्टार्टर आला आहे. पुण्यात बसलेला मुलगा फोन लावून चोपड्यातली मोटर सुरू करतो. ‘यूजर’ पुण्यात, मोटर बागेत, आणि पाणी फुटलं तर चिखलात उतरणारा सालदार तिसराच. प्रबंधाला पुरून उरेल एवढा विषय त्या एका डीपीवर आहे.

आणि हा विषय खानदेशात मुळात जुना आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी फड पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून तग धरून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कुठल्या फडात यंदा कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाऊस कमी झाला तर कोणता फड कोरडा ठेवायचा तेही मिळूनच ठरायचं. दगडचुन्याचा बंधारा तेवढाच तंत्रज्ञान मानला तर फड समजतच नाही. पाटकऱ्याची नेमणूक आणि पाळीचा नियम हाही त्या तंत्रज्ञानाचाच भाग आहे. डीपीवर तोच नियम का बसत नाही, हा माझ्या मते फार मोलाचा प्रश्न आहे. पाटाचं पाणी डोळ्यांना दिसत होतं, कोणी किती घेतलं ते कळत होतं. तारेतला करंट दिसत नाही. कदाचित उत्तराची सुरुवात इथे असेल, कदाचित नसेल. शेतात जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून तर प्रबंध.

दुसरं ठिकाण सांगतो, ओळखीच्या कारभाराचं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. त्या दिवशीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. अभ्यास करायचा तो त्यानंतरच्या साध्या दिवसांचा. शिंदखेडा तालुक्यातल्या एका केंद्रात मी बसलो असतानाची ही नोंद: आजीबाई केवायसीसाठी आल्या. आयुष्यभर कापूस वेचून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. केंद्रातल्या मुलाने मशीनची काच पुसली, आजींची बोटं ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाला, ‘डाव्या हाताचं मधलं बोट लावा, मागच्या वेळी तेच लागलं होतं.’ या वेळी तेही लागलं नाही. मग ओटीपी. आजी म्हणाल्या, ‘मना नंबर नही भो, नातूना शे.’ नातू सुरतेला लूमवर. मुलाने त्याला फोन लावला. पलीकडे लूमचा खडखडाट, आकडे नीट ऐकू येईनात. नातू बाहेर आला, सहा आकडे दोनदा सांगितले, तोवर मुदत संपली होती. पुन्हा ओटीपी, पुन्हा नातू बाहेर. दुसऱ्या खेपेला जमलं. आजींनी पैसे दिले आणि वर पिशवीतून मूठभर शेंगा काढून टेबलावर ठेवल्या.

सरकारच्या तक्त्यात याची नोंद एका ओळीची: केवायसी पूर्ण. पण कोणत्या आजीचं कोणतं बोट लागतं हे लक्षात ठेवणारा मुलगा, कामावरून दोनदा बाहेर येणारा नातू आणि त्याबद्दल मुकादमाचं ऐकून घेणं, हे सगळं धरून ती व्यवस्था चालते. यातलं कोणी पगारपत्रकावर नाही. तुम्ही ॲप तपासताना ‘ओटीपी वेळेत आला, पास’ असं लिहिता. सुरतेचा लूम त्या तपासणीत येत नाही. तो तिथे आणणं हे तुमच्या पुढच्या अभ्यासाचं काम.

आता विषय कसा निवडायचा. माझ्याकडे दरवर्षी ‘खानदेशातील ग्रामीण भागावर समाजमाध्यमांचा प्रभाव’ अशा नावाचे प्रस्ताव येतात. मी ते परत पाठवतो. त्यात खानदेश कुठे सुरू होतो, कुठे संपतो, प्रभाव कशावर आणि कोणी पाहिला, काहीच कळत नाही. एक वस्तू किंवा एक काम धरा आणि ते हातोहात कुठे कुठे जातं त्याच्या मागे जा. केळीचा भाव बऱ्हाणपूरहून निघून रावेर-सावद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून शेतकऱ्यापर्यंत येतो तेव्हा वाटेत कोण त्यावर विश्वास ठेवतं आणि कोण सौदा तोडतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून सुरू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने आपलं पीक स्वतः ॲपवर नोंदवणं: शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो, पण फोन पुतण्याचा आणि पुतण्या शाळेत. साक्रीकडच्या ब्राह्मणवेल पठारावरच्या पवनचक्क्या आणि त्यांच्या खाली मेंढरं चारणारी माणसं. धुळ्यातली जुने मोबाईल दुरुस्त करणारी दुकानं. यातल्या एकेका विषयावर एम.ए.चा प्रबंध उभा राहतो.

अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर, म्हणजे मुलांची वजनं वगैरे नोंदवायचं सरकारी ॲप, मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी. वर्तमानपत्रात ते आंदोलन म्हणून आलं आणि संपलं. सेविकेचा रोजचा दिवस त्या ॲपने कसा बदलला, हे मात्र पाहायचं राहून जातं. एका विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यात टिपण आणलं: ‘सेविकेला ॲप नीट वापरता येत नव्हते. डिजिटल साक्षरता कमी आहे.’ मी तिला म्हटलं, हे तू घरी बसूनही लिहिलं असतंस. पुन्हा जा आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिही. दुसरं टिपण असं आलं: ‘दुपार. सेविका पायरीवर, मांडीवर वही. फोन तिच्या आठवीतल्या मुलीच्या हातात. सेविका वजन सांगते, मुलगी टाकते. नेट जातं, गोल फिरत राहतो. मुलगी फोन घेऊन रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जाते, तिथे एक दांडी मिळते. सेविका तेच वजन वहीत लिहिते. मी विचारलं, दोनदा कशाला? म्हणाली, वरून फोन आला की वहीच कामी येते.’ आता या टिपणातून काम सुरू होऊ शकतं. मुलीची शाळा, निंबाचं झाड, वरून येणारा फोन, दोनदा लिहिणं, प्रत्येक धाग्यामागे जाता येतं.

टिपणं रोज रात्री लिहायची, झोपण्याआधी. दुसऱ्या दिवशी नेमका शब्द जातो आणि आपण आपल्या मनाचा शब्द घालतो. लोक काय म्हणाले, लोकांनी काय केलं आणि काय करायला हवं असं ते मानतात, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. बहुतेक वेळा त्यांच्यात अंतर असतं आणि तुमचा प्रबंध त्या अंतरातच असतो. रेकॉर्डिंगवर फार भिस्त ठेवू नका, फोन समोर ठेवला की माणूस सभेत बोलल्यासारखा बोलतो.

भाषेचंही तसंच. प्रमाण मराठीत प्रश्न विचारलात की तुम्ही त्यांच्यासाठी कार्यालयातून आलेल्या मॅडम, मग ‘हो मॅडम, फार चांगली सोय झाली’ हेच उत्तर मिळणार. अहिराणीत, लेवा बोलीत, तावडीत बोला, गप्पा वेगळ्या वळणाने जातात. धडगाव-अक्कलकुव्याकडे जायचं तर पावरी किंवा भिली शिकायला वेळ काढा, नुसता दुभाष्या घेऊन ते भागत नाही. तिथली पोरं सिग्नलसाठी टेकडी चढतात हे सगळे लिहितात. त्या टेकडीवर मुली जाऊ शकतात का, आणि गेल्या तर गाव काय म्हणतं, हे त्यांच्या भाषेत बसल्याशिवाय कळणार नाही.

एका बाबतीत मी कडक आहे. आपल्याच गावात अभ्यास करताना लोक तुम्हाला अमक्याची मुलगी म्हणून घरात घेतात, संशोधक म्हणून नाही. त्यामुळे आपण काय लिहितो आहोत हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एकदा सही घेऊन ते संपत नाही. तारेवर टाकलेल्या आकड्याचा फोटो काढायचा नाही, जमिनीच्या वादात कोणाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवायचं नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्ही आधीपासून आहात म्हणून तिथले स्क्रीनशॉट तुमचे होत नाहीत. नाव, नंबर, आधार तुमच्या टिपणवहीत नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मार्गदर्शकाबरोबर बसून वाचा, पण कायदा नसता तरी हे पाळायचंच होतं. तुम्ही पुण्याला परत जाल. माहिती देणाऱ्या माणसाला त्याच डीपीवर, त्याच शेजाऱ्यासोबत राहायचं आहे.

शिकायचं कुठे? नेमकं ‘तंत्रज्ञानाचं मानवशास्त्र’ अशी पदवी आपल्याकडे शोधू नका. पाया सामाजिक मानवशास्त्राचा घ्या आणि प्रबंधाचा विषय तंत्रज्ञानाचा ठेवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, तुम्ही पुण्यातच आहात, एखाद्या दुपारी जाऊन या. अनेक विद्यापीठांत या एम.ए.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तरी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून खात्री करा. दिल्ली, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात मानवी उत्क्रांती, शारीरिक मानवशास्त्र हेही येतं. सुरुवातीला परकं वाटेल, पण सहा महिने तग धरा. दुसरी वाट बंगळुरूच्या आयआयआयटीतल्या डिजिटल सोसायटीच्या एम.एस्सी.ची, तिथे तुमचं कॉम्प्युटरचं शिक्षण थेट कामी येतं. डिझाइन शाळांतही वापरकर्त्यांचा अभ्यास शिकवतात, पण तिथे चार दिवस गावात जाऊन आठ कल्पना घेऊन यायची घाई असते. मला ती घाई मानवत नाही. संस्थेच्या नावापेक्षा तुम्हाला शेतात महिनोन्महिने थांबू देणारा मार्गदर्शक कोण आहे ते पाहा.

परदेशात डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात याच विषयाची खास पदवी आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल मिलर यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये डिजिटल मानवशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. मिलर यांच्या गटाने समाजमाध्यमांचा जो अभ्यास केला त्यात नऊ संशोधक नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहिले, त्यातलं एक ठिकाण तमिळनाडूतलं होतं. पंधरा महिने का लागतात, हे त्यांचे निष्कर्ष वाचताना कळतं. पण लंडनला शिकलात तरी अभ्यास करायला चोपड्यालाच याल, म्हणून मी आधी इथे एम.ए. आणि पुढे जमलं तर तिथे, असं सांगतो. शिष्यवृत्तीच्या बाबतीत एक सावधगिरी: केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले होते. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम शब्दन् शब्द वाचा. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यांच्या अटीही वेगळ्या.

वाचनासाठी इंग्रजी लागेलच, पण मराठीत आपली परंपरा नाही असं समजू नका. इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी आणि आठवडे बाजारांचा अभ्यास, ही दोन्ही कामं त्यांच्या अखेरच्या वर्षांतली, १९६९ आणि १९७० ची. धरण हे तंत्रज्ञानच आणि बाजार ही माहिती फिरवणारी व्यवस्थाच. त्यांनी ज्या बारकाईने पाहिलं तसं पाहायला शिका. कधी धुळ्याला आलात तर राजवाडे संशोधन मंडळातही एक चक्कर मारा, जुन्या खानदेशची कागदपत्रं तिथे पाहायला मिळतात.

पोटापाण्याचं. सॉफ्टवेअर आणि बँकिंग कंपन्यांत यूएक्स रिसर्चर, म्हणजे वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारी व्यक्ती, म्हणून काम मिळतं, आणि तुम्ही आधीपासून तपासणीत असल्याने तुम्हाला दार जरा लवकर उघडेल. आरोग्य, शेती, पोषण यांत काम करणाऱ्या संस्थांना अशी माणसं हवी असतात, पगार कमी पण काम आपल्या भागातलं. जेनेव्हिव्ह बेल या मानवशास्त्रज्ञ १९९८ मध्ये इंटेलमध्ये गेल्या आणि घराघरांत लोक यंत्रांसोबत कसे राहतात ते चिपा बनवणाऱ्यांना सांगत राहिल्या. अशी कामं आहेत. पण मंदी आली की कंपन्या संशोधनाची माणसं आधी कमी करतात, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेची तयारी सोबत ठेवा, मानवशास्त्र हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. आणि कोड लिहायचं सोडू नका. फॉर्ममध्ये पिकांची यादी कोणी ठरवली, केळीत लावलेलं आंतरपीक त्या यादीत का बसत नाही, कोणती चौकट सक्तीची का, हे तुम्हाला आतून वाचता येतं. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते येत नाही, ॲपच्या दारापर्यंत जाऊन ते थांबतात.

नोकरी लगेच सोडू नका. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वडिलांसोबत तुमच्या डीपीवर किती जणांच्या मोटरी आहेत ते विचारून कागदावर काढा: कोणाची विहीर, कोणाचा ऑटो, कोणाचं कनेक्शन कोणाच्या नावावर, शेवटची डीपी जळाली तेव्हा वर्गणी कोणी दिली आणि कोणी दिली नाही. नावांच्या जागी खुणा वापरा. काकूंकडेही एक दुपार बसा आणि त्यांची फोनवरची कामं कोण करतं ते नुसतं पाहा, मदत करायला पुढे होऊ नका. या दोन्हींची चार-पाच पानं लिहा आणि पुणे विद्यापीठात जाताना तीच हातात घेऊन जा. मुलाखतीत ‘मानवशास्त्रच का’ हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा ती पानं पुढे ठेवा.